युरोपात एका देशातून दुसऱ्या देशात जाताना रेल्वे घ्यावी की विमान? सोबत वयस्कर सासू-सासरे आणि मुलगी आहे

मेधा, गंगापूर रोड

नमस्कार. आम्ही पाच जण येत्या मे महिन्यात पंधरा दिवसांसाठी युरोपला जाण्याच्या तयारीत आहोत. मी, माझे यजमान, सासरे (वय ७१), सासूबाई (वय ६६) आणि अकरा वर्षांची मुलगी. सहल कंपनीबरोबर जायचे नाही, हे घरात पक्के झाले आहे, कारण रोज सकाळी सहा वाजता बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या आणि बसमध्ये बसायचे, ही धावपळ सासूबाईंना आता झेपणार नाही. मुंबई ते पॅरिस, तिथून ॲमस्टरडॅम, मग बर्लिन (तिथे यजमानांच्या मावसबहिणीचे घर आहे), बर्लिनहून स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्न, आणि शेवटी रोमहून परत मुंबई, असा क्रम मनात आहे.

गाडे अडले आहे ते मधल्या चार टप्प्यांवर. संगणकावर शोधले की विमान प्रत्येक वेळी सव्वा ते दोन तासांचे दिसते आणि रेल्वे साडेतीन तासांपासून नऊ तासांपर्यंत. भाडेही कधी विमानाचे कमी, कधी रेल्वेचे. यजमानांचे म्हणणे असे की सुट्टी मोजकी आहे, तेव्हा विमानानेच जावे. सासरे मात्र रेल्वेसाठी आग्रही आहेत. त्यांची सगळी नोकरी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये झाली. देशाचे पासपोर्ट जिथे छापले जातात तिथे इतकी वर्षे काम केले, पण स्वतःचा पासपोर्ट त्यांनी आत्ता पहिल्यांदा काढला आहे. ‘इतक्या लांब जायचे तर देश खिडकीतून दिसला पाहिजे, नुसते ढग पाहायला मी येत नाही,’ असे ते म्हणतात आणि मला ते मनापासून पटते. परंतु सासूबाईंच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, सांधा बदललेला आहे. त्या सावकाश चालतात आणि सामान घेऊन जिना चढणे त्यांना शक्य नाही.

तेव्हा ज्यांनी असा प्रवास स्वतः केला आहे, त्यांनी कृपया सांगावे की कोणत्या टप्प्याला काय घ्यावे, रेल्वेने सीमा ओलांडताना पासपोर्टची तपासणी कुठे आणि कशी होते, पाच जणांचे सामान गाडीत कसे मावते, आणि या सगळ्यात नवख्या माणसाची फसगत नेमकी कुठे होते.

पंचवटी पासधारक, नाशिकरोड

मेधाताई, मी कामानिमित्त तीन वर्षे नेदरलँड्समध्ये होतो आणि त्या काळात आई-वडिलांनाही फिरवून आणले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पडद्यावर दिसणारे सव्वा तास हे फक्त विमान हवेत असण्याचे तास असतात. आपण नाशिककरांना हे वेगळे सांगायला नको. मुंबईहून दिल्लीचे विमान दोन तासांचे असले तरी आपण घरातून सात-आठ तास आधी निघतो, कारण मध्ये कसारा घाट, भिवंडीची कोंडी आणि विमानतळावरच्या रांगा असतात. युरोपात रस्ता बरा असतो, पण बाकीचे गणित तेच राहते. पॅरिस ते ॲमस्टरडॅम हाच टप्पा घ्या. शहरातून शार्ल द गॉल विमानतळापर्यंत लोकलने पाऊण तास, सामान जमा करायचे असल्यामुळे दोन तास आधी पोहोचणे, सव्वा तास उड्डाण, पट्ट्यावर बॅगा येईपर्यंत अर्धा तास, आणि स्किफोल विमानतळावरून शहरात येण्यास पुन्हा वीसेक मिनिटे. कुठे काहीही न बिघडता हे पाच तासांच्या घरात जाते. याउलट युरोस्टार ही गाडी पॅरिसच्या गार द्यू नॉर स्थानकातून निघते आणि साधारण तीन तास वीस मिनिटांत ॲमस्टरडॅमच्या मध्यवर्ती स्थानकात उतरवते. बाहेर पडले की समोर ट्राम आणि कालवा. या मार्गावर पूर्वी थालिस नावाची गाडी होती. ती कंपनी युरोस्टारमध्ये विलीन झाली आणि २०२३ साली ते नाव गेले, त्यामुळे जुन्या माहितीपत्रकांत थालिस दिसले तर गोंधळू नका.

सामानाचे सांगतो. रेल्वेत वजनाचा काटा नसतो. पंचवीस किलोची बॅग असली तरी कोणी विचारत नाही, पण ती फलाटावरून डब्यात उचलून ठेवणारा हमालही तिथे मिळत नाही. बऱ्याच गाड्यांना दोन-तीन पायऱ्या असतात. डब्यात दाराजवळ मोठ्या बॅगांची मांडणी असते, ती उशिरा येणाऱ्यांना भरलेली मिळते. आम्ही पहिल्या प्रवासात तीन अवजड बॅगा नेल्या होत्या आणि वडिलांनी एक बॅग पायरीवर टेकवून धरली, मी आतून ओढली, तोवर दार बंद होण्याची शिट्टी वाजली. तो क्षण मला अजून आठवतो. दुसऱ्या वेळी प्रत्येकाला स्वतः उचलता येईल अशी एकच मध्यम बॅग घेतली आणि अर्धी काळजी तिथेच संपली. आपल्या बाबतीत सासूबाईंच्या हातात काहीच नसावे, असे धरून चार बॅगांचा हिशेब करा.

आणखी एक गोष्ट. फलाटावर ए, बी, सी अशी अक्षरे लावलेली असतात आणि आपला डबा कोणत्या अक्षराखाली येणार ते फलकावर आधी दाखवतात. काही गाड्या दोन संच जोडून धावतात आणि वाटेत वेगळ्या होतात, पुढचा अर्धा भाग एका शहराला आणि मागचा दुसऱ्याच शहराला जातो. म्हणून गाडीत कुठूनही चढून आतून चालत जाऊ, ही आपली सवय तिथे सोडावी लागते. गाडीच्या नावाइतकाच डब्याचा क्रमांक महत्त्वाचा.

खाण्याचे पदार्थ सोबत ठेवायला रेल्वेत काहीच अडचण नाही. आईने दिलेली कैरीच्या लोणच्याची बरणी एकदा मी विमानाच्या हातबॅगेत ठेवली होती. पातळ पदार्थ शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त नेता येत नाहीत, असे म्हणून ती तपासणीत काढून घेतली. चूक माझीच होती, पण आईला ते सांगताना फार वाईट वाटले.

दिंडोरीकर, द्राक्ष निर्यात

वरचे सगळे मान्य असूनही मी विमानाची बाजू मांडतो, कारण ती मांडली नाही तर मेधाताईंना अपुरे चित्र मिळेल. द्राक्षांच्या हंगामात मी रॉटरडॅमला आणि तिथून जर्मनीत ये-जा करतो. माझा अनुभव असा की थेट रेल्वे चार-पाच तासांत पोहोचवत असेल तर तिच्यापुढे विमान टिकत नाही, पण सात-आठ तास आणि मध्ये गाडी बदलणे आले की पारडे फिरते, आणि सोबत वयस्कर माणसे असतील तर जास्तच फिरते.

आपला बर्लिन ते ल्युसर्न हा टप्पा नेमका तसा आहे. दिवसाच्या गाडीने झुरिकपर्यंतच साडेआठ तासांच्या आसपास लागतात आणि पुढे ल्युसर्न. शिवाय जर्मनीच्या गाड्यांबद्दल आपल्या मनात जी घड्याळासारखी प्रतिमा असते ती आता खरी राहिलेली नाही. २०२४ साली तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी अवघ्या ६२.५ टक्के वेळेवर पोहोचल्या आणि ‘वेळेवर’ची त्यांची व्याख्या सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर अशी आहे. लोहमार्ग जुने झाले, त्यांवर गाड्या वाढल्या आणि दुरुस्ती वर्षानुवर्षे मागे पडली. आता ती महिनोन् महिने मार्ग बंद ठेवून करावी लागते आहे. स्वित्झर्लंडमध्ये त्याच वर्षी नव्वद टक्क्यांहून जास्त गाड्या वेळेवर होत्या, तेही तीन मिनिटांच्या मोजमापाने. त्यामुळे जर्मनीहून येणारी गाडी फार उशिरा आली तर स्विस रेल्वे तिला सीमेवरच्या बाझेललाच थांबवते आणि झुरिककडे आपली वेगळी गाडी सोडते, म्हणजे प्रवाशाने सामानासह फलाट बदलायचा. तरुण माणसाला त्याचे काही वाटणार नाही. बदललेल्या गुडघ्यासाठी तो मोठाच प्रश्न आहे.

बर्लिन विमानतळाचे रेल्वे स्थानक टर्मिनलच्या खालीच आहे आणि झुरिकचेही तसेच. झुरिक विमानतळावरून ल्युसर्नला थेट गाडी तासाभरात नेते. त्यामुळे या एका टप्प्यासाठी मी निःशंकपणे विमान घेईन.

मात्र दोन गोष्टी पाहूनच तिकीट काढावे. पहिली, विमानतळ कोणता आहे. स्वस्त तिकिटावर पॅरिस लिहिलेले असते आणि विमान बोव्हेला उतरते, जे पॅरिसपासून ऐंशीहून अधिक किलोमीटर दूर आहे. फ्रँकफुर्ट म्हणून हान येथे उतरवतात, ते तर त्याहूनही लांब. आपल्या भाषेत सांगायचे तर तिकीट नाशिकचे आणि उतरायचे मनमाडच्याही पलीकडे. दुसरी, सामान. मूळ भाड्यात बहुधा आसनाखाली मावेल एवढीच पिशवी असते. माझ्या बॅगेचे चाक एकदा लोखंडी मापाच्या बाहेर दोन बोटे राहिले आणि विमानाच्या दारात मला तिकिटाच्या भाड्यापेक्षा जास्त पैसे मोजावे लागले. नियम त्यांनी आधी लिहिलेला होता, मी वाचला नव्हता. पाच जणांच्या चार बॅगांचे शुल्क मिळवून मगच रेल्वेच्या भाड्याशी तुलना करा.

आणखी एक. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमामुळे विमान तीन तासांहून जास्त उशिरा पोहोचले आणि दोष कंपनीचा असेल, तर पंधराशे किलोमीटरपर्यंतच्या उड्डाणासाठी माणशी २५० युरो भरपाई मिळते. प्रवासी भारतीय असला तरी हा हक्क त्याला आहे. बोर्डिंग पास जपून ठेवावेत.

थळघाट, इगतपुरी

मेधाताई, मी रेल्वेच्या विद्युत विभागातून निवृत्त झालो आहे. माझी मुलगी बाझेलला असते, त्यामुळे या भागातून चार वेळा प्रवास झाला. आपल्या सासऱ्यांचे म्हणणे माझ्या फार जवळचे आहे, म्हणून त्यांच्यासाठीही लिहितो.

सीमा ओलांडणारी रेल्वे समजायला इगतपुरीसारखे गाव नाही. आमच्या उमेदीच्या काळात मुंबईकडची तार पंधराशे व्होल्ट डीसीची होती आणि इगतपुरीच्या पुढे पंचवीस हजार व्होल्ट एसीची. म्हणून इथे प्रत्येक गाडीचे इंजिन बदलावे लागे. प्रवासी वडा-चहा घेत आणि आम्ही एक इंजिन काढून दुसरे लावत असू. पुढे मुंबईपर्यंत सगळा मार्ग पंचवीस हजारांवर आला आणि ते थांबणे संपले. युरोपात मात्र प्रत्येक देशाने आपापली पद्धत केव्हाच ठरवून टाकलेली आहे. नेदरलँड्समध्ये पंधराशे डीसी, बेल्जियममध्ये तीन हजार डीसी, जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये पंधरा हजार एसी आणि तीही पन्नासऐवजी १६.७ हर्ट्झची, फ्रान्सच्या वेगवान मार्गांवर आपल्यासारखी पंचवीस हजार. सिग्नलही ज्याचे त्याचे. प्रवाशाला सीमा दिसत नाही, पण इंजिनाला ती दिसते. आपण ज्या गाडीने पॅरिसहून ॲमस्टरडॅमला जाल, तिच्या पोटात या वेगवेगळ्या प्रवाहांवर चालण्याची यंत्रणा बसवलेली आहे. आणि आपला पुढचा ॲमस्टरडॅम ते बर्लिन हा टप्पा तर हुबेहूब इगतपुरीची गोष्ट आहे. सीमेपलीकडे बाड बेन्टहाइम नावाचे छोटे स्थानक आहे. तिथे या गाडीचे इंजिन वर्षानुवर्षे बदलले जाई. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिने आली, तो थांबा आटोपता झाला आणि वेळापत्रकातला सुमारे अर्धा तास वाचला. आता थेट गाडी सहा तासांच्या आसपास पोहोचते. सासऱ्यांना हे स्थानक अवश्य दाखवा.

हे सांगण्याचे कारण असे की व्होल्टेजप्रमाणेच तिकिटेही देशागणिक वेगळी आहेत आणि नवख्या प्रवाशाची खरी अडचण तिथे होते. आपल्याकडे नाशिकरोड ते हावडा एकच तिकीट निघते, मग वाटेत कितीही राज्ये येवोत. तिथे दोन देशांच्या दोन कंपन्यांची दोन तिकिटे वेगवेगळी काढली आणि पहिल्या गाडीला उशीर होऊन दुसरी चुकली, तर दुसरी कंपनी जबाबदारी घेईलच असे नाही. माझे एकदा तसे झाले. चाळीस मिनिटांच्या उशिरामुळे पुढची गाडी डोळ्यांसमोर सुटली आणि खिडकीवरच्या बाईंनी अत्यंत नम्रपणे नवे तिकीट काढायला सांगितले. एकाच कंपनीकडून एकाच व्यवहारात सलग तिकीट घेतले असते तर पुढच्या गाडीने नेण्याची जबाबदारी त्यांची राहिली असती. जून २०२३ पासून लागू झालेल्या युरोपीय संघाच्या नियमानुसार एक तासाहून जास्त उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के आणि दोन तासांहून जास्त झाला तर ५० टक्के परत मिळतात. वादळ किंवा पुरासारख्या कारणांना ही भरपाई लागू होत नाही. म्हणून शक्य तिथे थेट गाडी घ्यावी, बदलायची वेळ आली तर सलग तिकीट घ्यावे, आणि वेगळी तिकिटे घ्यावीच लागली तर मध्ये दीड-दोन तास मोकळे ठेवावेत.

पासबद्दलही आपल्याला कोणीतरी सांगेल. युरोपबाहेरच्या रहिवाशांसाठी युरेल पास आहे, तो ३३ देशांत चालतो आणि चार ते अकरा वर्षांच्या मुलांना मोठ्या माणसाबरोबर मोफत मिळतो. आपली मुलगी त्यात बसते, मात्र प्रवासाआधी तिला बारावे लागणार नाही एवढे पाहा. तरीही पास घेतला म्हणजे सगळे झाले असे नाही. युरोस्टार, इटलीच्या वेगवान गाड्या आणि रात्रीच्या गाड्या यांना आसनाचे आरक्षण वेगळे पैसे देऊन करावे लागते आणि युरोस्टारमध्ये पासधारकांच्या जागा मोजक्याच असतात. चारच लांबचे प्रवास असतील तर लवकर काढलेली सुटी तिकिटे बहुधा स्वस्त पडतात. तिथे आपल्यासारखी ठरलेली भाडी नसतात, जागा भरतील तसे भाडे चढते. आपल्याकडे आरक्षण साठ दिवस आधी उघडते, तिथे बहुतेक ठिकाणी त्याहून बरेच आधी, आणि प्रतीक्षा यादी किंवा आरएसी हा प्रकार नसतो.

दिंडोरीकरांशी एका बाबतीत माझा मतभेद आहे. बर्लिनहून झुरिकला रात्रीची नाइटजेट गाडीही जाते. रात्री झोपायचे आणि सकाळी झुरिक, हॉटेलची एक रात्र वाचते. सहा किंवा चार बर्थचा कप्पा पूर्ण घेतला तर कुटुंबाला परके माणूस नको, आणि बंद दारांचे स्लीपर डबेही आहेत. खालचा बर्थ सासूबाईंना द्यावा.

मेधा, गंगापूर रोड

आपण सर्वांनी एवढा वेळ दिलात, मनापासून आभार. थळघाटकाका, आपला प्रतिसाद मी बाबांना (सासऱ्यांना) मोठ्याने वाचून दाखवला. इगतपुरीला इंजिन बदलत असताना स्वतः खाली उतरून पाहत उभे राहिल्याचे त्यांना आठवले आणि बाड बेन्टहाइम हे नाव त्यांनी डायरीत लिहून घेतले आहे.

दोन शंका उरल्या आहेत. माझा भाचा लंडनला शिकतो. पॅरिसहून युरोस्टारने दोन दिवस लंडनला जाऊन यावे का? आणि सासूबाईंसाठी चाकाच्या खुर्चीची सोय रेल्वेत मिळते का?

गोदाकाठ, पंचवटी

मेधाताई, मी माझ्या ऐंशी वर्षांच्या आईला घेऊन गेले होते, त्यामुळे या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मला अनुभवाने सांगता येतील.

लंडनचा विचार या वेळी नीट तोलून करा. फ्रान्स, नेदरलँड्स, जर्मनी, स्वित्झर्लंड आणि इटली हे पाचही देश शेंगेन क्षेत्रात आहेत. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसला तरी २००८ पासून शेंगेनमध्ये आहे. म्हणून एका व्हिसावर आपला सगळा प्रवास होतो. ब्रिटन त्या क्षेत्रात नाही. तिथला व्हिसा वेगळा, त्याचे शुल्क वेगळे आणि मुख्य म्हणजे पॅरिसहून लंडनला गेलात की शेंगेनमधून आपण बाहेर पडलात असे होते. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर परत पॅरिसला येताच येणार नाही. ही चूक झालेले एक कुटुंब मला माहीत आहे, त्यांची पुढची सगळी आरक्षणे वाया गेली. जायचेच असेल तर मुंबईहून आधी लंडनला उतरा, भाच्याला भेटा आणि मग युरोस्टारने पॅरिसला या, म्हणजे शेंगेनमध्ये प्रवेश एकदाच होतो. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकात गाडीत बसण्याआधीच ब्रिटनमधून बाहेर पडण्याचे आणि फ्रान्समध्ये शिरण्याचे सोपस्कार होतात, सामानही यंत्रातून जाते, त्यामुळे तिथे विमानतळासारखेच लवकर पोहोचावे लागते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाह्य सीमांवर शिक्क्यांच्या जागी छायाचित्र आणि बोटांचे ठसे नोंदवण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यासाठीही वेळ हाताशी ठेवा. शेंगेनचा अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त रात्री राहणार त्या देशाकडे करायचा असतो. रात्री सारख्याच असतील तर ज्या देशात प्रथम उतरणार त्याच्याकडे.

शेंगेनच्या आत रेल्वेने जाताना सीमेवर रांग लावावी लागत नाही. परंतु जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सर्व भूसीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे. आमच्या डब्यात दोन पोलीस आले, प्रत्येकाचे पासपोर्ट पाहिले आणि नमस्कार करून पुढे गेले. आईचा पासपोर्ट मी वरच्या बॅगेत ठेवला होता, तो काढताना माझी तारांबळ उडाली. सर्वांचे पासपोर्ट एका लहान पिशवीत, आपल्या अंगावर ठेवा.

चाकाच्या खुर्चीची सोय दोन्हीकडे विनामूल्य आहे. विमानासाठी ४८ तास आधी कळवायचे, रेल्वेसाठी २४ तास आधी. रेल्वेत ठरलेल्या जागी माणूस येऊन भेटतो आणि डब्याला उंच पायऱ्या असतील तर उचलणीचे यंत्र लावतो. आईला फलाटावरून त्या यंत्राने अलगद वर नेले तेव्हा ती माझा हात घट्ट धरून होती, आणि वर पोहोचल्यावर त्या माणसाला तिने मराठीतच ‘सुखी राहा बाबा’ म्हटले. गाडी बदलायची असेल तर दोन्ही स्थानकांना स्वतंत्रपणे कळवले गेले आहे ना, याची खात्री करून घ्या, कारण उतरवून घेणारा आला आणि चढवणारा आला नाही, असे होऊ शकते. विमानतळावर बदललेल्या सांध्यामुळे दारातले यंत्र वाजतेच. घाबरण्यासारखे काही नाही, बाजूला घेऊन हाताने तपासतात. शस्त्रक्रियेचा कागद सोबत असला की समजावणे सोपे जाते.

आणि एक, भारतातून युरोपीय संघात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. बर्लिनच्या मावसबहिणीसाठी पेढे नेण्याचा विचार असेल तर त्याऐवजी चिवडा आणि मनुके न्या.

मेधा, गंगापूर रोड

काल रात्री सगळे एकत्र बसून ठरवले. लंडन या वेळी नाही. भाचाच दोन दिवस पॅरिसला येणार आहे. पॅरिस ते ॲमस्टरडॅम आणि ॲमस्टरडॅम ते बर्लिन रेल्वेने, दोन्ही थेट गाड्या. बर्लिन ते झुरिक मात्र विमानाने. थळघाटकाका, रात्रीच्या गाडीचा विचार आम्ही खूप केला, परंतु सासूबाईंना रात्री दोन-तीनदा उठावे लागते आणि हलत्या गाडीत अरुंद बोळातून जाताना त्यांचा पाय घसरेल अशी मला भीती वाटते. त्या स्वतः काहीच बोलल्या नाहीत, पण विमान म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला, तो मी पाहिला. ल्युसर्न ते मिलान आणि मिलान ते रोम पुन्हा रेल्वेने. बाबांना विमानाचा एक टप्पा मान्य आहे, फक्त आल्प्सचा डोंगर रेल्वेनेच ओलांडायचा, अशी त्यांची अट आहे. त्या मार्गाबद्दल काही सांगाल का?

थळघाट, इगतपुरी

निर्णय योग्य आहे. सासूबाईंपुढे माझा आग्रह नाही.

आल्प्ससाठी आपल्यापुढे दोन वाटा आहेत. थेट गाडी गॉटहार्डच्या नव्या बोगद्यातून जाते. तो ५७ किलोमीटर लांब आहे, जून २०१६ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि ल्युसर्नहून मिलानपर्यंत साधारण सव्वातीन तास लागतात. पण त्यातली वीसेक मिनिटे निव्वळ अंधार असतो आणि बाबांना जे पाहायचे ते सगळे डोक्यावर राहते. जुना मार्ग अजून चालू आहे. १८८२ सालचा पंधरा किलोमीटरचा बोगदा त्याच्या माथ्यावर आहे आणि त्याच्याकडे चढताना गाडी डोंगराच्या पोटात वळसे घेत उंची गाठते. वासेन नावाच्या गावात एक पांढरे चर्च आहे. ते पहिल्यांदा आपल्या वर दिसते, वळसा घेऊन आले की समोर, आणि तिसऱ्यांदा पाहावे तर खाली. कसारा घाट आपण मागून ढकलणारी बँकर इंजिने लावून, सदतिसास एक या चढाने सरळ चढतो. त्यांनी तीच उंची लांबी वाढवून मिळवली आहे.

या जुन्या मार्गाने ‘ट्रेनो गोत्तार्दो’ ही गाडी ल्युसर्नहून बेलिन्झोनाकडे जाते. तिथे उतरून मिलानची गाडी पकडायची. एकूण दीड-दोन तास जास्त लागतील आणि एक गाडी बदलावी लागेल, तेव्हा बेलिन्झोनाला खुर्चीची मदत आधी सांगून ठेवा आणि मिलान ते रोमचे तिकीट संध्याकाळचे काढा. ल्युसर्नहून सकाळी लवकर निघा, म्हणजे चढाच्या बाजूला ऊन असते. चढाच्या पायथ्याचे एर्स्टफेल्ड स्थानक सोडले की बाबांना खिडकीशी बसवा.